कपाटाखालचा मुक्काम

गेल्या आषाढात, पुण्यात पावसाची झड लागलेली असताना, उभ्या मोटारीच्या इंजिनाची ऊब धरून बसलेली आणि प्राणिमित्रांनी तिथून मोठ्या शर्थीने बाहेर काढलेली जेमतेम चार महिन्यांची एक पट्टेरी मांजरी आमच्या घरी दाखल झाली. करंडीचे झाकण उघडताच जमिनीला पोट घासत ती जी लाकडी कपाटाखाली शिरली, ती पुढे दोन दिवस कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. रात्री ताटली रिकामी होई, घमेल्यातली वाळू उकरलेली दिसे, एवढीच तिची हजेरी.

दत्तक देणाऱ्या बाईंनी माझ्याकडून रीतसर कबुलायत लिहून घेतली होती: लसी वेळच्या वेळी द्याव्यात, सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी करावी, खिडक्यांना जाळीचा बंदोबस्त असावा. निघताना मात्र त्यांनी बजावले ते निराळेच. "ताई, तुम्ही काही करू नका. खोलीत बसा, वाचा. तिच्याकडे बघू नका." या कामात काही न करणे हेच मुख्य कर्तव्य आहे, हे मला तेव्हा उमगले नाही.

जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या काळात ज्या पिलाला माणसाचा प्रेमळ स्पर्श घडत नाही, त्याला पुढे तोच हात श्वापदाच्या पंजासारखा भयप्रद वाटतो. म्हणून आपण ज्याला लाजाळूपणा म्हणतो, ती वस्तुतः प्राणरक्षणाची दक्षता असते. पाचव्या दिवशी उतावीळपणे मी कपाटाखाली हात घातला. कान आडवे, बाहुल्या विस्फारलेल्या, एक फिस्कार, आणि मनगटावर तीन रक्ताळ रेघा. चूक सर्वस्वी माझी होती. तिची माघारीची एकमेव जागा मी अडवली होती.

त्यानंतर मी शिस्तीने वागू लागले. मीठ न घालता उकडलेल्या कोंबडीचे तंतू ताटलीत ठेवावे, ताटली कपाटाच्या कडेपासून रोज वीतभर बाहेर सरकवावी, आणि आपण भिंतीला टेकून, पाठ अर्धी वळवून, पुस्तक उघडावे. सासूबाईंनी मायेने वाटीभर दूध आणले; परंतु बहुतेक वाढत्या मांजरांना त्यातली शर्करा पचत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी ती वाटी मुकाट्याने परत नेली आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबडी स्वतः उकडू लागल्या. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि आठवडाभराची मिळकत क्षणात बुडाली. ताटली पुन्हा कपाटाच्या कडेला.

डोळे सावकाश मिटून सावकाश उघडणाऱ्या माणसाला मांजर तशीच पापण्यांची सलामी देते आणि त्याच्याजवळ अधिक विश्वासाने येते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले आहे. मी रोज पापण्या मिटीत राहिले. सोळाव्या रात्री काळोखातल्या दोन हिरव्या ठिपक्यांनी प्रथम मला तेच उत्तर दिले, आणि त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगण्यास माझ्याजवळ शब्द नाहीत.

एकविसाव्या दिवशी ती बाहेर आली. मी बोट जमिनीवर सैल सोडले होते; तिने ते दुरून हुंगले, मान लांबवली, मिशांचा ओझरता स्पर्श झाला, आणि गालाची कड एकदाच, घाईने, त्यावर घासून ती मागे फिरली. कपाटाखाली गेली खरी, परंतु या खेपेस शेपटीचे टोक बाहेर राहिले होते.