रस्त्यावरून घरी आणलेलं पिल्लू सारखं चावतंय? परत सोडून येण्याआधी हे वाचा

पावसात पार्किंगमध्ये स्कूटरखाली कुडकुडत बसलेलं, दीड महिन्याचं एक पिल्लू. सोसायटीतली मुलं त्याला घरी आणतात, टॉवेलने पुसतात, फोटो स्टेटसला जातो. समजा, नाव ठरतं मोती.

पहिले चार दिवस मोती नुसता झोपतो. पाचव्या दिवशी आजीच्या साडीच्या काठाला लटकतो. दुसऱ्या आठवड्यात धाकट्याच्या हातावर दातांच्या बारीक रेघा दिसायला लागतात. आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी ते वाक्य बोलतंच, "हे चावरं निघालं. जिथून आणलं तिथे सोडून या."

सोडून येणं म्हणजे काय, ते आधी बघू. आयसर कोलकाताच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, सात महिन्यांची होईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के पिल्लं जगली. ही होती आईजवळ वाढलेली पिल्लं. महिनाभर सोफ्यावर झोपलेल्या मोतीला तर गाडीचा हॉर्न म्हणजे काय, हेही धड माहीत नसतं.

आणि गंमत म्हणजे मोती चावरा नाहीच. त्याचा एक धडा राहून गेलाय.

हा धडा शिकवतं कोण?

कुत्र्याला हात नसतात. वस्तू मऊ आहे की कडक, समोरचा खेळणार की नाही, हे सगळं ते तोंडाने चाचपतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे दात यायला लागतात. असे एकूण २८ दात, आणि सगळे सुईसारखे टोकदार. जबड्यात जोर नसतो, पण दात टोचतात. त्यामुळे एक पिल्लू दुसऱ्याला जरा जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ बंद करून निघून जातं. आईला चावलं तर ती उठून जाते, दूध बंद.

असं दिवसातून पन्नासदा घडतं आणि पिल्लाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते. जोरात चावलं की मजा संपते. चाव्याचा जोर आवरायची ही जी सवय लागते, तिला प्रशिक्षक 'बाइट इनहिबिशन' म्हणतात.

पिल्लाने निदान आठ आठवडे आई आणि भावंडांबरोबर राहावं असं म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पण रस्त्यावर आई गाडीखाली येते, भावंडं विखुरतात, किंवा कुणीतरी चांगल्या मनाने एकटंच पिल्लू लवकर उचलून आणतं. मोतीची शाळा सहाव्या आठवड्यातच सुटली. उरलेला अभ्यास आता घरच्यांनी घ्यायचा आहे.

फटका का चालत नाही?

आपल्याकडचे उपाय ठरलेले आहेत. नाकावर टिचकी, पेपरची गुंडाळी, नाहीतर तोंड हाताने दाबून धरणं. शेजारचे काका हमखास यातला एक तरी सुचवतात.

यातून पिल्लू दोनपैकी एक गोष्ट शिकतं. एकतर त्याला वाटतं की हात चेहऱ्याजवळ आला म्हणजे कुस्ती सुरू झाली, मग ते आणखी जोरात झेपावतं. नाहीतर ते हाताला घाबरायला लागतं. दुसरा प्रकार जास्त वाईट. कारण वर्षभराने हाच हात त्याला पट्टा बांधायला, गोचीड काढायला किंवा औषध घालायला जवळ येतो, तेव्हा समोर ४२ पक्के दात असलेलं घाबरलेलं कुत्रं असतं.

मग करायचं काय?

इयान डनबार हे मूळचे ब्रिटिश पशुवैद्य आणि श्वान प्रशिक्षक. पिल्लांच्या चावण्यावर त्यांनी बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की आधी चाव्याचा जोर कमी करा, चावणं पूर्ण बंद करायचं नंतर बघा. पहिल्याच दिवशी तोंड लावायला साफ बंदी घातली, तर आपला जबडा किती जोरात मिटतो हे पिल्लाला कळतच नाही.

म्हणजे सुरुवातीला मोतीने हात हलकेच तोंडात धरला तर धरू द्या. दात टोचला, की त्याच क्षणी खेळ थांबवा. आरडाओरडा नको, हात झटक्याने ओढणं तर अजिबातच नको, कारण पळणारी गोष्ट पकडायची हा कुत्र्याचा स्वभाव आहे. हात सैल सोडा, तोंड फिरवा, उभे राहा. तरीही तो पायाला लागला तर तुम्हीच खोलीबाहेर जा आणि दार ओढून घ्या. २० ते ३० सेकंद पुरेत. वन बीएचकेमध्ये बाथरूममध्ये जाऊन उभं राहिलात तरी चालतं. परत या, शांतपणे खेळ सुरू करा. पुन्हा टोचला, पुन्हा बाहेर.

दोन मिनिटांत चार वेळा बाथरूममध्ये जाणं हास्यास्पद वाटेल. पण भावंडं नेमकं हेच करत होती.

काही जण पिल्लासारखं "आऊ!" असं केकाटायला सांगतात. काही पिल्लं त्याने दचकून थांबतात, तर काहींना त्याचाच चेव चढतो. एक-दोनदा करून बघा. मोती आणखी उड्या मारायला लागला तर तो उपाय तुमच्यासाठी नाही.

चावे हलके झाले, की पुढची पायरी. आता हात, पाय, कपडे यांना दातच लावायचा नाही. त्यासाठी त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. जुन्या सुती फडक्याची घट्ट गाठ मारलेली दोरी हाताशी ठेवा, आणि तो झेपावायच्या आत ती पुढे करा. दोरी पकडली की शाबासकी द्या, उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. जुनी चप्पल मात्र देऊ नका. जुनी कोणती आणि कालच आणलेली कोणती, हे त्याला कळत नाही.

पदर, लुंगी, ओढणी ही लोंबणारी, हलणारी खेळणीच. तो लटकला की ओढू नका, जागेवर थांबा, दोरी दाखवा. लहान मुलं किंचाळत पळाली की पाठलाग होणारच. त्यांना 'झाड व्हायला' शिकवा, म्हणजे हात पोटाशी घेऊन, न बोलता उभं राहायचं. आणि लहान मूल व पिल्लू यांना खोलीत एकटं सोडू नका, कितीही गोड दिसत असले तरी.

बहुतेक घरांत गाडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आई खेळ थांबवते, ताई दार ओढते, आणि बाबा ऑफिसमधून आले की हातानेच मस्ती करतात, "आपल्याला काही लागत नाही" म्हणून. मोतीच्या हिशेबात चावणं दहापैकी तीनदा चालतं. मग तो दहाही वेळा करून बघणार. घरात एकच नियम हवा, बाबांनाही.

संध्याकाळी सातला अंगात काय येतं?

बरेचदा उत्तर असतं, झोप. लहान पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. घरात टीव्ही, बेल, पाहुणे, मुलांची शाळा सुटलेली. झोप न झालेलं पिल्लू पेंगत नाही, पिसाळल्यासारखं चावत सुटतं. अशा वेळी शिकवणी नको. कोपऱ्यात अंथरूण, दिवा मंद आणि चघळायला काहीतरी. बऱ्याचदा दहा मिनिटांत घोरायला लागतो.

मोठं कुत्रं असेल तर?

दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घेतलं आणि ते दात लावत असेल, तर तो सहसा खेळ नसतो. भीती असते, किंवा दुखणं. कान दुखत असेल, जुना अपघात असेल, दात किडला असेल. म्हणून पहिली फेरी पशुवैद्याकडे.

ते चावायच्या आधी सांगतंही. ओठ चाटतं, उगाच जांभई देतं, अंग ताठ होतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मग गुरगुरतं. गुरगुरण्याबद्दल मारलं तर ते गुरगुरणं सोडतं, भीती तशीच राहते. पुढच्या वेळी थेट चावा. तेव्हा गुरगुरलं की मागे व्हा आणि ते कशामुळे होतंय ते शोधा. कातडी फाटेपर्यंत चावा गेला असेल, तर लेख आणि व्हिडिओ बाजूला ठेवून अनुभवी प्रशिक्षक गाठा.

"पिल्लू तर आहे, इंजेक्शन कशाला?"

इथे चूक महागात पडते. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या आईचं लसीकरण झालं होतं का, हे सहसा कुणालाच माहीत नसतं. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की तो जवळजवळ नेहमी जीवघेणा ठरतो.

त्यामुळे दाताने किंवा नखाने ओरखडा आला, अगदी रक्त नसलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात हे खरं, पण त्यासाठी पहिला डोस थांबवायचा नसतो. मोतीला स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर मिळते. ती तारीख फ्रिजवर लिहून ठेवा.

हे किती दिवस चालणार?

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, चावणं पुन्हा वाढल्यासारखं वाटतं. शिकवलेलं सगळं वाया गेलं असं समजून याच टप्प्यावर बरीच घरं हात टेकतात. तेव्हा ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये ठेवा, गार झालं की तुमच्या नजरेसमोर चघळायला द्या. मोठं गार गाजरही चालतं. शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या कपच्या होऊन घशात किंवा आतड्यात अडकतात.

एखाद्या सकाळी झाडू मारताना फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडेल. नाही सापडला तर मोतीने तो जेवणाबरोबर गिळला असेल. बहुतेक पिल्लं तेच करतात, आणि त्याने काही होत नाही.