जुन्या टेम्पोचे स्टिअरिंग

म्हशींच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या घोडेगावी आम्ही कापडाचे गठ्ठे जुन्या टेम्पोने नेतो. हंगामात रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, आणि यंदा स्टिअरिंग चार बोटे फिरवले तरी चाक वळेना. हा जिवाशी खेळ.

मिस्तरीने जॅक लावून चाक वर-खाली हलवले. किंगपिन व बुश झिजलेले. आडवे हलवले, तर टाय रॉड एंडही सैल. 'एकच बाजू बदला' हा स्वस्त सल्ला आम्हांस पटत नाही. दोन्ही बाजू बदलाव्यात, बुशला रीमर मारून पिन बसवावी, स्प्लिट पिन नवीनच घालावी. एंड काढताना आटे मोजावेत. तरीही अलाइनमेंट करावेच, नाहीतर टायर एका अंगाने झिजतो, अन् टायर किंगपिनहून महाग! पैसे चुकते करण्याआधी ग्रीस भरले का, हे आम्ही वाकून पाहतो.