पाहुण्याचा पैसा गावात राहतो का?

पर्यटन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हौसेने हिंडणारा सुखवस्तू मनुष्य उभा राहतो. वस्तुतः हा आज जगातील एक अतिशय मोठा व्यवसाय आहे. १९५० साली जगात परदेशी प्रवाशांची संख्या अवघी अडीच कोटी होती. २०१९ साली ती सुमारे १४६ कोटींवर गेली. महायुद्धानंतर पगारी रजा मिळू लागली, विमानप्रवास स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाच्या गाठीला चार पैसे उरू लागले, ही या वाढीची प्रमुख कारणे होत. आपल्याकडे १९६६ साली भारत पर्यटन विकास महामंडळ आणि १९७५ साली महाराष्ट्राचे महामंडळ स्थापन झाले.

अर्थशास्त्रज्ञ या व्यवसायाला अदृश्य निर्यात म्हणतात. एरवी आपण माल जहाजात भरून परदेशी पाठवितो. येथे गिऱ्हाईकच मालापाशी येते, पैसे देऊन जाते आणि किल्ला किंवा धबधबा जागच्या जागी राहतो. देशाला परदेशी चलन मिळते ते असे. तोच न्याय गावाला लावला, तर मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा हाही त्या गावापुरता परदेशीच होय.

आता आपल्या पोलादपूर तालुक्यातील कुडपण घ्या. सह्याद्रीच्या अंगावर वसलेल्या या गावचा धबधबा आणि भीमाची काठी पाहावयास पावसाळ्यात माणसे येतात. समजा, एक कुटुंब सकाळी मोटारीने आले, शहरातून आणलेला फराळ त्याने खाल्ला आणि संध्याकाळी ते परतले. गावाच्या पदरात काय पडले? रिकाम्या बाटल्या! तेच कुटुंब एक रात्र राहिले, तर भाकरीसाठी नाचणी लागेल, पिठीसाठी कुळीथ लागेल, वाट दाखविणारा लागेल. नाचणीचे पैसे मिळालेला शेतकरी ते गावच्या दुकानात देईल, दुकानदार ते सुताराला देईल. एकच रुपया असा चार हातांतून फिरला, तर चार घरांना उपयोगी पडतो. पहिल्याच हातातून तो शहराकडे परतला, तर गर्दी दिसते, पण उत्पन्न दिसत नाही.

घाटमाथ्यावरील महाबळेश्वर तालुक्यात भिलार हे गाव २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा ग्रामस्थांनी आपल्या घरांत पुस्तकांना आणि वाचकांना जागा दिली. पाहुणा थेट घरात आला, यातच त्या प्रयोगाचे मर्म आहे.

अर्थात अडचणी थोड्या नाहीत. धबधबे भरतात तेच दिवस भातलावणीचे. पाहुणा येतो तेव्हा घरातले हात चिखलात गुंतलेले असतात. म्हणून हिवाळ्यातील पाहुणा अधिक मोलाचा. रायगड आणि प्रतापगड यांसह बारा किल्ल्यांचा २०२५ साली जागतिक वारशात समावेश झाला आहे. ते पाहणाऱ्यांना एखादा मुक्काम डोंगरातल्या गावी करता येईल. दुसरे, डोंगरगावांना उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते. पाहुण्यांसाठी खोल्या बांधण्यापूर्वी पाण्याचा हिशेब झाला पाहिजे. तिसरे, जुलै २०२१ मध्ये तळिये आणि केवनाळे येथे कोसळलेल्या दरडी आपण विसरू शकत नाही. उतारावर बांधकाम करताना जपलेच पाहिजे. शिवाय २०२० साली साथीमुळे जगातील परदेशी प्रवासी ४० कोटींच्या आसपास आले. तेव्हा शेती सोडून केवळ पाहुण्यांवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या तालुक्यातील कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालली. कर्ते पुरुष मुंबईला, म्हातारी माणसे गावाला, ही आपली जुनी रीत. म्हणून पर्यटन वाढले की नाही हे ठरविताना किती मोटारी आल्या ते मोजू नये. त्यांच्यामुळे किती तरुणांना गावातच राहता आले ते मोजावे.