उबदार जमिनीवरचा गालिचा

इंग्लंडात नवे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांत, आणि त्यांच्या इंग्रज शेजाऱ्यांतही, एक विधान इतक्या निःशंकपणे केले जाते की त्याची खातरजमा करावी असे कोणालाच वाटत नाही: ‘जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतील तर वर गालिचा घालायचा नाही, सगळी ऊब खाली अडकून पडते.’ ह्या एका वाक्यापायी, रांगत्या मुलासाठी मऊ जमीन हवी असतानाही निजायच्या खोलीत फरशी बसवलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि दर वेळी मला तितकाच खेद झाला आहे.

उष्णता अशी अडकून राहत नाही. नळ्यांच्या खाली उष्णतारोधक थर नीट घातलेला असेल, तर तिला वरचीच वाट मोकळी असते. गालिचा त्या वाटेवर अडथळा उभा करतो, आणि तेवढीच उष्णता वर आणण्यासाठी पाणी अधिक तापवावे लागते, इतकेच. हा अडथळा मोजण्याचे ‘टॉग’ हे परिमाण मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये 1946 साली कापडासाठी योजले गेले, आणि ब्रिटनमधल्या रजयांवर आजही तेच छापलेले असते. दर चौरस मीटरमागे 50 वॉट उष्णता वर यायची असेल, तर प्रत्येक टॉगपायी गालिच्याखालच्या अस्तराचा तळ गालिच्याच्या पृष्ठभागापेक्षा 5 अंशांनी अधिक गरम असावा लागतो. म्हणजे दीड टॉगला साडेसात अंश, अडीचला साडेबारा, आणि चारला तब्बल वीस! ब्रिटनमध्ये गालिचा आणि त्याखालचे अस्तर, ज्याला सगळे अंडरले म्हणतात, ह्या दोहोंची बेरीज 2.5 टॉगच्या वर जाऊ नये अशी शिफारस आहे. घर हीट पंपावर चालत असेल तर ती दीडच्या आसपास ठेवावी, कारण पाणी जितके कमी तापवावे लागेल तितकी वीज कमी लागते.

खरी चूक होते ती अंडरले निवडताना, आणि तिच्या मुळाशी ‘जाड तितके उबदार’ ही समजूत असते. गोधडी ऊब देते, कारण ऊब देणारे शरीर गोधडीच्या आत असते. येथे उष्णतेचा उगम खाली आणि आपण वर, म्हणजे गोधडीच्या बाहेर आहोत, हे कोणी ध्यानातच घेत नाही. दुकानात दोन नमुने हातात घेऊन पाहावेत: एक बोटभर जाडीचा फोम, अंगठा दाबून सोडताच वर उसळणारा, दुसरा जुन्या टायरांच्या रबराच्या भुग्याचा, पातळ, पण उचलताना मनगटाला जाणवेल इतका जड. विक्रेता बहुधा पहिल्याची भलावण करतो. परंतु उष्णतेला रोखते ती फोमच्या पोकळ्यांत कोंडलेली हवा. म्हणून पुष्कळदा तो एकटाच दोन टॉगच्या घरात जातो, तर दाट रबराचा आकडा सहसा एकाच्याही आत राहतो.

इतर समजुतींना फार जागा देण्याचे कारण नाही. लोकरीचा गालिचा वर्ज्य नाही. धाग्याचे नाव नव्हे, टॉगचा आकडा पाहावा. उष्णतेने गालिचा करपतो म्हणावे, तर युरोपीय मानक ईएन 1264 नुसार राहत्या भागात पृष्ठभाग 29 अंशांपलीकडे तापवायचा नसतो. अंडरलेच गाळावे म्हणावे, तर त्याविना गालिचा लवकर झिजतो. आणि भिंतीलगतची खिळेपट्टी नेहमीसारखी ठोकून चालेल, असे कोणी म्हणाले तर त्यास तेथेच थांबवावे: खालची नळी फुटू शकते, पट्टी चिकटवूनच बसवावी.

दुकानात आगाऊ रक्कम देण्यापूर्वी गालिचा आणि अंडरले ह्या दोहोंचे टॉग लेखी मागा, स्वतः बेरीज करा, आणि ती अडीचपुढे गेली तर गालिचा तोच ठेवून पातळ, दाट अंडरले दाखवायला सांगा.