लांकडी दारांस पॉलियुरेथेनचा लेप

पावसाळ्यांत दार फुगून चौकटींत अडकतें, ही तक्रार बहुतेक घरांतून ऐकूं येते. सागाचें लांकूडहि हवेंतील ओल शोषून घेतें. ही ओल शिरण्यास अटकाव करण्यास पॉलियुरेथेनचा लेप चांगला उपयोगी पडतो. हें द्रव्य सन १९३७ मध्यें जर्मनींत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें.

लांकूड मात्र पूर्ण वाळलेलें असावें. म्हणून हें काम माघ-फाल्गुनांत करावें. ओल्या लांकडावर लेप दिल्यास आंतील ओल कोंडून पापुद्रे सुटतात. प्रथम रेषांच्या दिशेनें काचकागद घांसून धूळ पुसावी व पातळ असे तीन हात द्यावे. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक काचकागद हलका फिरवावा. दाराच्या वरच्या व खालच्या कडा बहुधा विसरल्या जातात, आणि ओल तेथूनच शिरते. याकरितां दार बिजागऱ्यांतून काढूनच लेपावें.

दोन डब्यांचें मिश्रण करावयाचा लेप असल्यास त्याची वाफ श्वासास अपायकारक असते. काम मोकळ्या हवेंत करावें, व चूल वा विडी जवळ नसावी. तेलमिश्रित लेपाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊं शकतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. कडब्याजवळ तर कधींहि टाकूं नयेत. दार राखतांना गंजी गमावण्याची पाळी येऊं नये.