वजन घटविताना : घरची भाकरी की पाकीटबंद अन्न?

परभणी जिल्ह्यातील पालम तालुका हा गोदाकाठचा शेतीप्रधान भाग. ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी हा येथील परंपरागत आहार होय. परंतु झटपट नूडल्स, बिस्किटे व चिवड्याची पाकिटे आता खेड्यातील किराणा दुकानांतही मिळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे व सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ शहरांचा राहिलेला नाही.

प्रयोगाचा निष्कर्ष

अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेले व दोन आठवडे साधे, ताजे अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ व स्निग्धांश सारखेच होते. किती खावे याची मोकळीक होती. प्रक्रिया केलेले अन्न खाताना प्रत्येकाच्या पोटात रोज सरासरी ५०० उष्मांक अधिक गेले आणि वजन सुमारे ०.९ किलोने वाढले. ताज्या अन्नावर ते तितकेच घटले. मऊ अन्न भरभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीच ते जास्त होते, हे याचे एक संभाव्य कारण होय. भाकरी मात्र चावून खावी लागते.

कमी अन्नात अधिक पोषण

वजन घटविताना आहार कमी होतो. म्हणून प्रत्येक घास कसदार हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात लोह व जस्ताचे प्रमाण अधिक आहे.

घरचेही मोजून

तथापि घरचे अन्न म्हणजे हलके अन्न, असा समज करून घेणे योग्य नाही. माणशी महिन्याला १ लिटर तेल लागत असेल, तर रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक केवळ तेलातून मिळतात. दोन चमचे साखरेचे चार कप चहा आणखी १६० उष्मांकांची भर घालतात. मात्र घरी हे माप स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती असते. पाकिटात ते आधीच ठरलेले असते.

पाकीट घ्यावेच लागले तर त्यावरील मजकूर वाचावा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर, मैदा वा तेल आरंभीच असल्यास सावध व्हावे. उष्मांक १०० ग्रॅममागे दिलेले असल्यास संपूर्ण पाकिटाचा हिशेब करावा.

शिक्षकांनी हे वाचन गणिताच्या तासाला करून घ्यावे. ग्रामपंचायतींनी सभा-समारंभांत बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे वा हंगामी फळे द्यावीत. खर्च फारसा न वाढता गावापुढे चांगला पायंडा पडेल.