तीन मिनिटांचा बॉम्ब आणि त्यावरची नावं

थरारपट सुरू होताना पडद्यावर येणारी नावं आपण क्वचितच वाचतो. ती संपायची वाट पाहतो. चित्रपटाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. एकच दृश्य थांबवून थांबवून पाहायचं आणि वहीत टिपणं काढायची, एवढीच माझी शाळा. त्या वहीतली एक नोंद चुकीची निघाली, त्याची ही हकिगत.

चित्रपट ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८). मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं गाव, रात्रीची वेळ. एक हात बॉम्बचं घड्याळ सुमारे तीन मिनिटांवर लावतो. तो माणूस धावत जाऊन बॉम्ब एका उघड्या मोटारीच्या डिकीत ठेवतो. एक श्रीमंत गृहस्थ आणि त्याच्याबरोबरची तरुणी गाडीत बसतात. क्रेनवरचा कॅमेरा छपरांच्या वर चढतो, पलीकडच्या रस्त्यावर उतरतो आणि गाडीला पुन्हा गाठतो. वाटेत नवविवाहित व्हर्गास आणि सुझन (चार्लटन हेस्टन आणि जॅनेट ली) चालताना दिसतात. गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे. मध्येच शेळ्यांचा कळप आडवा येतो. तपासणी नाक्यावर दोघं आणि गाडी शेजारी शेजारी. गाडी पुढे निघून जाते, दोघं चुंबनासाठी जवळ येतात, तोच स्फोट. तिथं पहिला कट. तोवर तीन मिनिटांहून अधिक काळ छायाचित्रणकार रसेल मेटीचा एकच अखंड शॉट.

या शॉटवर नावं उमटत राहतात आणि हेन्री मॅन्सिनीच्या संगीतात बाँगो वाजत राहतात. मी वहीत लिहिलं होतं: ‘बाँगो म्हणजे घड्याळाची टिकटिक. नावं वाचण्यात गुंतवून वेल्स आपल्याला बॉम्ब विसरायला लावतो. केवढी ही युक्ती!’ हे मी दोन-चार व्याख्यानांतही ठासून सांगितलं.

युक्ती वेल्सची नव्हतीच. स्टुडिओनं चित्रपट त्याच्या हातातून काढून घेतला, फेरसंकलन केलं, काही दृश्यं दुसऱ्याकडून चित्रित करून घेतली. ते रूप पाहिल्यावर ५ डिसेंबर १९५७ रोजी वेल्सनं निर्मितीप्रमुख एडवर्ड मूल यांना ५८ पानांचं टिपण लिहिलं. सुरुवातीच्या दृश्यामागे एकसलग पार्श्वसंगीत नको, रस्त्यावरच्या क्लबांच्या ध्वनिवर्धकांतून येणारी वेगवेगळी गाणी एकमेकांत मिसळत जावीत, असं त्याचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. प्रदर्शित प्रतीत शॉटवर नावं आली आणि मॅन्सिनीचं संगीतही.

वेल्स १९८५ मध्ये वारला. १९९८ मध्ये निर्माता रिक श्मिडलिन आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी ते टिपण समोर ठेवून चित्रपट पुन्हा जुळवला. शॉटवरची नावं निघून गेली.

ती प्रत मी पाहिली तेव्हा पहिल्यांदा शॉट दिसला, असं म्हणण्यापेक्षा ऐकू आला. एका दारातून एक गाणं, पुढच्या दारातून दुसरं. मोटारीचा रेडिओही वाजतो आहे. गाडी चौकटीबाहेर गेली तरी तो आवाज जवळ आला की छातीत धस्स होतं. बॉम्ब कुठं आहे हे आता कान सांगतात. गाडीतली तरुणी डोक्यात टिकटिक ऐकू येते म्हणून कुरकुरते. बाँगोंच्या गदारोळात ते वाक्य मला नुसतं चटकदार वाटलं होतं. इथं त्यानं अंगावर काटा आला.

मॅन्सिनीचं संगीत आजही मला आवडतं. पण ते सुरुवातीलाच धोका जाहीर करून टाकतं. वेल्सला हवा होता एक गजबजलेला, बेफिकीर रस्ता. धोका फक्त प्रेक्षकाला ठाऊक असलेला.

दृश्याचं विश्लेषण करताना कॅमेरा कुठून कुठं गेला एवढं मोजून भागत नाही. पडद्यावरचं अक्षर कोणी ठेवलं, आवाज कोणी निवडला, हेही विचारावं लागतं. नाहीतर कलावंतावर लादलेली गोष्ट आपण त्याचीच प्रतिभा म्हणून मिरवतो. मी नेमकं तेच केलं होतं. वहीतली ती नोंद खोडलेली नाही; शेजारी लाल शाईनं ‘१९९८ची प्रत पाहा’ एवढंच लिहून ठेवलं आहे.